दोरीविना पतंग

कयाधूच्या काठचं नर्सी हे संत नामदेवांचं गाव. हिंगोलीकरांना ते सांगावं लागत नाही. नामदेव पुढे पंजाबात गेले, घुमानला राहिले आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात जतन झाली. त्यांतल्या रामकली रागातल्या एका पदात पतंगाचा दृष्टांत येतो. मुलगा कागद कापून पतंग करतो, आभाळात चढवतो, सवंगड्यांशी गप्पाही मारत असतो, पण त्याचं चित्त दोरीवरून हलत नाही. नामदेवांना सांगायचं होतं ते भक्तीबद्दल. मला मात्र जायरोकॉप्टर या यंत्राचा माग काढताना हे पद सारखं आठवत राहिलं, कारण हे यंत्र मुळात पतंगच आहे. फरक एवढाच, की याची दोरी सुटलेली आहे आणि पतंग उडवणारा स्वतःच पतंगावर बसलेला आहे.

पहिल्यांदा पाहणारा त्याला छोटं हेलिकॉप्टर समजतो. डोक्यावर फिरणारी लांब पाती दिसतात, त्यामुळे गल्लत होणारच. पण हेलिकॉप्टरची पाती इंजिन फिरवतं आणि ती हवा खाली ढकलतात. जायरोकॉप्टरची डोक्यावरची पाती उडताना कुठल्याच इंजिनाला जोडलेली नसतात. इंजिन असतं ते बसणाऱ्याच्या पाठीमागे, एक पंखा फिरवून यंत्राला पुढे रेटणारं. यंत्र पुढे सरकलं, की किंचित मागे कललेल्या पात्यांच्या चक्रात खालून वारा शिरतो आणि ती आपोआप गरगरू लागतात. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचं प्रदर्शन भरतं तेव्हा कागदी भिरभिरं हातात धरून पळणारं पोर आपण पाहतो. पोर पळतं म्हणून भिरभिरं फिरतं. इथेही तेच, फक्त भिरभिरं माणसाला उचलून नेण्याइतकं मोठं.

इंजिन बंद पडलं तर? यंत्र खाली येऊ लागतं, पण खाली येताना वारा खालूनच लागत राहतो, म्हणून पातीही फिरत राहतात. आपल्या डोंगरकपारीत हळदवेल नावाची वेल असते. तिच्या फळाला तीन पंख असतात, आणि ते झाडावरून सुटलं की गरगरत, सावकाश जमिनीवर उतरतं. बंद इंजिनाचं जायरोकॉप्टर असंच उतरतं आणि चालवणारा त्याला हवं तिथे नेऊन टेकवू शकतो. एक गोष्ट मात्र याला जमत नाही. वारा नसताना हेलिकॉप्टरसारखं एका जागी लटकून राहणं याच्या स्वभावात नाही. पतंगाला वारा लागतो, तसा यालाही लागतो.

या यंत्राचा जन्म एका अपघातातून झाला. हुआन दे ला सिएर्वा हा स्पेनमधल्या मुर्सिया गावचा, १८९५चा जन्म. १९१९ साली त्यानं बनवलेलं तीन इंजिनांचं विमान चाचणीत जमिनीजवळ वेग कमी पडून कोसळलं. विमानाचा पंख वेगावर जगतो. वेग एका मर्यादेखाली गेला, की पंखावरचा आधार सुटतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. सिएर्वानं या अपघाताचा जो अर्थ लावला, तिथे त्याची प्रतिभा दिसते. बाकीचे अधिक ताकदीच्या इंजिनांच्या मागे होते. त्यानं प्रश्न उलटा केला : विमान मंदावलं तरी ज्याचा पंख मंदावणार नाही, असं काही करता येईल का? पंखच फिरता ठेवला तर?

त्याची पहिली तीन यंत्रं आडवी झाली. कारण समजून घेण्यासारखं आहे. यंत्र पुढे जात असताना फिरणाऱ्या पात्यांपैकी एका बाजूचं पातं समोरच्या वाऱ्यावर चालून जातं, दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे पळतं. चालून जाणाऱ्या पात्याला वारा जास्त लागतो, म्हणून ती बाजू वर उचलली जाते आणि यंत्र कलंडतं. पण त्यानं केलेला छोटा नमुना मात्र छान उडत होता. तो का उडतो, याचा शोध घेताना त्याच्या लक्षात आलं की नमुन्याच्या पात्यांच्या दांड्या वेताच्या आहेत. वेत लवतो. वारा जास्त लागला की पातं जरा वर लवतं आणि जास्तीचा जोर तिथेच जिरून जातो. मोठ्या यंत्रात त्यानं प्रत्येक पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली, जेणेकरून पातं वरखाली हलू शकेल. जानेवारी १९२३मध्ये माद्रिदजवळ खेताफे इथल्या मैदानावर अलेहांद्रो गोमेझ स्पेन्सर या वैमानिकानं त्याचं चौथं यंत्र उडवलं. काही दिवसांतच चाचणीत जमिनीपासून थोड्याच उंचीवर इंजिन बंद पडलं, आणि यंत्र सरळ, सपाट, कुणाला इजा न करता खाली बसलं. सिएर्वाला जे सिद्ध करायचं होतं, ते त्या बंद इंजिनानं करून दाखवलं.

त्या बिजागरीला मी या साऱ्या इतिहासात सगळ्यात वरचा मान देतो. पुढची हेलिकॉप्टरं तिच्याच वारशावर उभी राहिली. पुरात अडकलेल्या माणसाला छतावरून उचलून नेणारं हेलिकॉप्टर आपण टीव्हीवर पाहतो, त्याच्या घराण्यात कुठेतरी तो लवणारा वेत आहे.

सिएर्वानं आपल्या यंत्राचं नाव ठेवलं ऑटोजायरो. १९२५ साली त्यानं ते इंग्लंडमध्ये दाखवलं, पुढच्या वर्षी तिथे कंपनी निघाली, आणि १८ सप्टेंबर १९२८ रोजी तो स्वतः ते चालवत इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसजवळ उतरला. अमेरिकेत हॅरॉल्ड पिटकेर्न यानं हक्क विकत घेतले. १९३१च्या एप्रिल महिन्यात दोन गोष्टी घडल्या. अमेलिया इअरहार्ट या वैमानिक बाईंनी ऑटोजायरो १८,४१५ फुटांवर नेला, आणि पिटकेर्नचा वैमानिक जेम्स रे व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर येऊन उतरला. पेपरांत भविष्याची चित्रं रंगू लागली : घराच्या अंगणातून उडायचं, कचेरीच्या गच्चीवर उतरायचं. १९३४च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या सिनेमात श्रीमंत नवरदेव लग्नाच्या मांडवात ऑटोजायरोनं येतो. राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ आणि आमिर खानचा ‘दिल है के मानता नहीं’ ज्यांनी पाहिलेत, त्यांनी याच सिनेमाची हिंदी नातवंडं पाहिली आहेत. १९३९ साली तर फिलाडेल्फियाच्या टपाल कचेरीच्या गच्चीवरून विमानतळापर्यंत टपालाच्या थैल्या नेण्याची नियमित सेवा ऑटोजायरोनं सुरू झाली आणि वर्षभर चालली.

ती पाहायला सिएर्वा राहिला नव्हता. ९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून धुक्यात सुटलेलं प्रवासी विमान उंची न मिळाल्यानं जवळच्या घरांवर आदळलं. त्यात तो प्रवासी होता. वय ४१. विमान असं पडू नये म्हणून ज्यानं सारं आयुष्य खर्ची घातलं, तो माणूस अशाच एका पडण्यात गेला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

मग हेलिकॉप्टर आलं. जर्मनीत फॉकेचं, अमेरिकेत सिकॉर्स्कीचं. जागच्या जागी उभं राहू शकणारं यंत्र मिळाल्यावर सैन्यानं आणि सरकारांनी पैसा तिकडे वळवला. ऑटोजायरोचं राज्य दहा-बारा वर्षांत आटोपलं.

पण वंश संपला नाही, तो पुन्हा पतंगाच्या रूपात गेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांना एक अडचण होती. पाण्याच्या पातळीवरून फार लांबचं दिसत नाही. त्यांनी इंजिन नसलेला फिरत्या पात्यांचा पतंग केला, नाव फा ३३०. पाणबुडी पुढे धावायची, दोरानं बांधलेला पतंग मागे उंच चढायचा, आणि त्यावर बसलेला खलाशी टेलिफोनवरून खाली सांगायचा की क्षितिजावर काय दिसतं. घडी करून ठेवता येईल एवढा सुटसुटीत होता तो. अटलांटिकमध्ये शत्रूची विमानं फार, म्हणून तो मुख्यतः वापरला गेला तो आपल्या हिंदी महासागरात. ६ ऑगस्ट १९४३ रोजी यू-१७७ या पाणबुडीनं या पतंगावरून एक ग्रीक मालवाहू जहाज हेरलं आणि बुडवलं. वर बसलेल्या खलाशाचं काय होत असेल? विमान दिसलं आणि पाणबुडीला बुडी मारायची झाली, तर पहिला बळी त्याचाच. नामदेवांच्या पदातला मुलगा दोरीकडे चित्त लावून असतो. इथे दोरीच्या दुसऱ्या टोकाला चित्त होतं.

युद्धानंतर हे पतंग दोस्त राष्ट्रांच्या हाती लागले. ब्रिटिशांनीही असाच एक प्रयोग केला होता. अमेरिकेत या साऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांत इगॉर बेन्सन नावाचा रशियात जन्मलेला इंजिनिअर होता. त्यानं १९५३ साली नॉर्थ कॅरोलिनात आपली कंपनी काढली. आधी त्यानं मोटारीमागे दोर बांधून ओढायचा बिनइंजिनाचा पतंग केला, मग १९५५ साली त्यालाच मागून इंजिन लावलं. नाव दिलं जायरोकॉप्टर. आज आपण सगळ्याच जातीला या नावानं ओळखतो, पण ते मुळात त्याच्या मालाचं नाव.

बेन्सननं जे केलं, त्यात माझ्या मते यंत्रापेक्षा वाटपाला जास्त महत्त्व आहे. त्यानं नकाशे विकले. चौकोनी ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्या बोल्टनं जोडायच्या, वेल्डिंगचं काम नाही. डोक्यावर दोनच पाती, मधोमध सी-सॉसारखी डुलणारी, म्हणजे सिएर्वाच्या बिजागरीचं सगळ्यात सोपं रूप. इंजिन मॅककुलक कंपनीचं, ७२ अश्वशक्तीचं, मुळात सैन्याच्या नेमबाजीसाठी उडवायच्या मानवरहित विमानांकरता बनवलेलं. घरामागच्या शेडमध्ये, संध्याकाळी कामावरून आल्यावर, माणूस हे उभं करू शकत होता. १९६२ साली त्यानं अशा हौशी लोकांची पॉप्युलर रोटरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. नकाशा घेतलेले लोक एकमेकांना भेटू लागले, एकमेकांच्या चुका पाहू लागले.

चुका मात्र जीवघेण्या होत्या, आणि हा भाग मी घाईनं पुढे सरकवणार नाही. यंत्र एकाच माणसाचं, म्हणजे शिकवणारा शेजारी बसू शकत नव्हता. विमान चालवून आलेल्यांनाही इथली सवय वेगळी. अनेकजण स्वतःच शिकले आणि अनेकजण मेले. त्यातला एक प्रकार पुन्हा पुन्हा घडत होता. चालवणाऱ्यानं घाबरून किंवा उत्साहात दांडा एकदम पुढे ढकलला, की यंत्र नाक खाली घालतं आणि क्षणभर पात्यांवरचं वजन जातं. वजन गेलं की पात्यांत शिरणारा वारा थांबतो. पाती मंदावतात. मग वर कितीही उंची असली तरी उपयोग नाही, कारण मंदावलेली पाती लवून शेपटीला किंवा मागच्या पंख्याला लागतात. जे यंत्र पडू नये म्हणून जन्माला आलं, त्याला पाडायचा हा एकच खात्रीचा रस्ता होता, आणि नवशिक्याचा हात नेमका तिकडेच जात होता. पुढे ब्रिटनमधल्या अपघातांनंतर ग्लासगो विद्यापीठात यावर पद्धतशीर काम झालं. निष्कर्ष सोपा निघाला : मागचा पंखा ज्या रेषेत ढकलतो, ती रेषा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या फार वर नको. आजची यंत्रं हे ध्यानात ठेवून बनतात, आणि बहुतेक दोन माणसांची असतात, म्हणजे गुरू मागे किंवा शेजारी बसतो.

याच परंपरेत केन वॉलिस होते, ब्रिटिश हवाई दलातले निवृत्त अधिकारी. १९६७च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या बॉण्डपटातलं ‘लिटल नेली’ हे पिवळं यंत्र त्यांनीच बनवलेलं, आणि जपानच्या ज्वालामुखींवर शॉन कॉनरीच्या जागी ते उडवलंही त्यांनीच. वयाची ऐंशी ओलांडल्यावरही ते विक्रम करत होते. २०१३ साली ९७व्या वर्षी वारले, आणि तेही अपघातात नव्हे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. शिस्तीनं उडणाऱ्याला हे यंत्र म्हातारपण देतं.

एक प्रसंग आणखी. १५ एप्रिल २०१५ रोजी डग ह्यूज नावाचा फ्लोरिडाचा पोस्टमन आपल्या उघड्या जायरोकॉप्टरमधून थेट वॉशिंग्टनच्या संसद भवनासमोरच्या हिरवळीवर उतरला. बरोबर ५३५ पत्रं होती, प्रत्येक लोकप्रतिनिधीला एक. निवडणुकांमध्ये पैशाचं जोर धरणं थांबवा, एवढंच म्हणणं. त्याला तुरुंगवास झाला. संरक्षित आकाशात घुसणं चूकच होतं. तरीही फिलाडेल्फियाच्या गच्चीवरून टपाल नेणारं यंत्र ७५ वर्षांनी एका पोस्टमनच्या हातून पुन्हा टपाल घेऊन आलं, हे विसरता येत नाही.

लोक याच्या प्रेमात का पडतात? वेगासाठी नाही, वेग मोटारीच्या आसपासचा. उत्तर आयर्लंडचा नॉर्मन सरप्लस कॅन्सरमधून उठल्यावर २०१० साली यातून जगप्रदक्षिणेला निघाला आणि अपघात, परवानग्या, सक्तीचे मुक्काम सोसत २०१९ साली ती पूर्ण करू शकला. नऊ वर्षं. घाई असलेला माणूस हे करत नाही. काचेमागे न बसता, वारा अंगावर घेत, झाडांच्या थोडंसंच वरून आपला मुलूख पाहणं ही याची खरी ओढ आहे.

हिवाळ्यातली सकाळ डोळ्यांसमोर आणून पाहा. खाली कयाधूची वळणं. सेनगावकडे सोयाबीन निघून मोकळी झालेली काळी रानं, वसमतच्या बाजूला पिवळी पडत चाललेली हळद. एकीकडे सिद्धेश्वरचं पाणी, दुसरीकडे इसापूरचं. औंढ्याला नागनाथाचं काळं शिल्पमंदिर. त्याच तालुक्यात गुरुत्वलहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो वेधशाळा होऊ घातली आहे. तिला बारीकशी थरथरही नको, म्हणून तिथून मात्र दुरूनच वळायचं. आपण हा जिल्हा एसटीच्या खिडकीतून आणि अकोला-पूर्णा गाडीतून पाहिला आहे. त्याचा उतार, त्याचे ओढे, त्याचे बांध एका नजरेत अजून पाहायचे आहेत.

आणि ही ओढ इथे नाही, असं कुणी म्हणू नये. पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत, आठवीपर्यंत शिकलेल्या आणि फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या २४ वर्षांच्या तरुणानं रात्री जागून एका माणसाचं हेलिकॉप्टर उभं केलं होतं. ऑगस्ट २०२१मध्ये चाचणीच्या वेळी शेपटीचं पातं तुटलं, ते वरच्या पात्यावर आदळलं आणि वरचं पातं त्याच्या डोक्याला लागलं. तो गेला. गाव त्याला हसत नव्हतं, गावाला त्याचा अभिमान होता. पण अभिमानानं पातं तपासता येत नाही. त्याच्या दुकानापाशी बेन्सनचा नकाशा नव्हता, चार अनुभवी माणसांचा क्लब नव्हता, पात्याचा तोल कसा काढतात हे सांगणारं कुणी नव्हतं. हात मात्र सिएर्वाच्या कारागिरांपेक्षा कमी नव्हते.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. तो माणूस व्यवसायानं वैमानिक, तरीही २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलेल्या विमानाला नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं आणि उडवायची परवानगी २०१९ साली आली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीवाचून आपल्याकडे काही उडवता येत नाही, आणि ते योग्यही आहे. पण त्या दारापर्यंत पोहोचायचा रस्ता खेड्यातल्या पोराला कुणी दाखवायचा? डिसेंबर २०२३मध्ये हरिद्वारच्या बैरागी कॅम्पवरून उत्तराखंडच्या पर्यटन खात्यानं जर्मन बनावटीच्या जायरोकॉप्टरची चाचणी घेतली, हिमालयाच्या हवाई सफरीसाठी. म्हणजे कायद्याच्या चौकटीत हे आपल्या देशात होऊ शकतं.

म्हणून हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनाला आणि जिल्ह्यातल्या आयटीआयना माझी विनंती आहे. उडण्याची गोष्ट नंतर. आधी एका शेडमध्ये जाळीच्या कुंपणाआड एक रोटर बसवा. पात्याचा तोल कसा काढायचा, बोल्टचा ताण किती, धातू थकतो म्हणजे काय होतं, बघ्यांनी कुठे उभं राहायचं, हे शिकवा. हवाई दलातून निवृत्त होऊन गावी आलेले तंत्रज्ञ आपल्या तालुक्यातालुक्यांत आहेत, त्यांना शनिवारी बोलवा. आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर वेल्डिंग करणाऱ्या पोरांना दाखल्याची, मार्कांची अट न घालता आत येऊ द्या. त्यांना बोलवायला जाहिरात द्यावी लागणार नाही.